तडजोड वर्गात शिकवा, नुसत्या नोट्स नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय लोकअदालत झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात एवढी प्रकरणं निकाली, एवढ्या कोटींची वसुली अशी बातमी येते. वाचून बरं वाटतं, पण त्यात ट्रॅफिकची चलनं किती, बँकेची थकबाकी किती आणि भावाभावातले वाटपाचे दावे किती हे कोणी वेगळं करून छापत नाही. तालुका कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या कोणालाही विचारा, वर्षानुवर्षं तारखा पडतात त्या या वाटपाच्या, बांधाच्या आणि रस्त्याच्या दाव्यांत. पक्षकार हट्टी असतात हे मान्य, पण आम्हा वकील लोकांना तडजोडीला बसवायचं कसं हे तरी कुठं कोणी शिकवलंय?

कागदावर शिकवलंय बरं का. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत एडीआर (म्हणजे मध्यस्थी, लवाद अशा कोर्टाबाहेर वाद मिटवायच्या पद्धती) हा सक्तीचा क्लिनिकल, म्हणजे प्रात्यक्षिकाचा, पेपर आहे, आणि तो अनुभवी वकिलांनी सिम्युलेशन (लुटुपुटीचे प्रसंग) आणि केस स्टडी घेऊन शिकवावा, निगोशिएशनची, म्हणजे वाटाघाटीची, कौशल्यं पोरांना करायला लावून शिकवावीत असं तिथं स्पष्ट लिहिलंय. बऱ्याच कॉलेजांत होतं काय तर लवाद कायद्याची कलमं डिक्टेट करायची, जर्नल सीनियरच्या जर्नलवरून उतरवायचं आणि व्हायव्हात ‘मीडिएशन (मध्यस्थी) आणि कन्सिलिएशन (समेट) यांतला फरक सांगा’ एवढा एक प्रश्न. पोरगं पास होतं, सनद मिळते आणि मग मीडिएशन सेंटरला गेल्यावर ते पण दाव्यातलीच कलमं वाचून दाखवतं, समोरचा वकील कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, वाचतो, झालं, फेल रिपोर्ट.

आता हेच रोल प्लेने शिकवायचं म्हटलं तर उदाहरणं काय अमेरिकेतून आणायला नकोत. दोन पोरांना भाऊ करा. थोरला म्हणतो विहिरीकडचा तुकडा मलाच पाहिजे, धाकटा म्हणतो मेलो तरी सोडणार नाही. दोघांच्या वकिलांना कानात वेगवेगळी माहिती द्या, की थोरल्याला उसाला पाणी पाहिजे आणि धाकट्याचा डोळा त्या तुकड्याच्या रस्त्याकडच्या अंगावर आहे कारण त्याला तिथं गाळे काढायचेत. ‘काय पाहिजे’ सोडून ‘कशाला पाहिजे’ हे ज्या पोरीला पहिल्यांदा विचारायचं सुचेल तिच्या टेबलावर पाण्याच्या पाळ्या, पाइपलाइनची वाट आणि गाळ्यांची जागा असा कागद तयार होईल, बाकीचे तास संपेपर्यंत भांडत बसतील. हार्वर्डच्या मंडळींनी चाळीसेक वर्षांपूर्वी मांडलेली थिअरी ती हीच, आणि त्यातलंच दुसरं म्हणजे बॅटना, म्हणजे मिटलं नाही तर आपल्या हातात काय राहतं त्याचा आधी हिशोब. वाटपाच्या दाव्यात तो हिशोब अशिलापुढं मांडणारे वकील फार कमी. आधी प्राथमिक हुकूमनामा, त्यावर अपील, मग शेतजमीन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली प्रकरण कलेक्टरकडे, तिथून तहसील, भूमी अभिलेखची मोजणी, त्या मोजणीवर परत हरकत. हे सगळं वर्षांत आणि रुपयांत लिहून दाखवलं तर निम्मे लोक तिथंच मऊ येतात, पण तारखेगणिक फी घेणाऱ्याने ते दाखवायचं का, हा प्रश्न आमच्या बाररूममध्ये कोणी मोठ्याने विचारत नाही.

बरं, तडजोड म्हणजे सगळं गोडगोड असंही नाही, आणि हे तर अजिबात शिकवलं जात नाही. आपल्याकडं ‘घरातलं घरात मिटवा’ म्हणजे बऱ्याचदा बहिणीनं साडीचोळीवर हक्कसोड करून द्यायची. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः बरोबरीचा हक्क आहे, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो पक्का केलाय, तरी मीडिएशनच्या खोलीत चार भाऊ, मामा आणि ती एकटी, आणि सगळे म्हणतात माहेर तुटेल. अशा वेळी तिला बाजूला घेऊन एकटीशी बोलायचं, सही आज नको म्हणायचं, हे पण निगोशिएशनच आहे. फसवणुकीचे गंभीर आरोप असतील तर प्रकरण मीडिएशनला पाठवू नये असं सुप्रीम कोर्टाने २०१० च्या अ‍ॅफकॉन्स निकालात सांगितलेलंच आहे.

कायदा आता पुढं गेलाय. तीन लाख आणि त्यावरच्या व्यापारी दाव्यात तातडीचा आदेश नको असेल तर आधी मीडिएशन केल्याशिवाय दावाच लावता येत नाही, आणि २०२३ च्या मीडिएशन कायद्यात मीडिएशनमधल्या समझोत्याला कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी किंमत द्यायची तरतूद आहे. प्रत्यक्षात समोरची पार्टी येत नाही, नॉन-स्टार्टर, म्हणजे मीडिएशन सुरूच झालं नाही असा, रिपोर्ट हातात पडतो आणि दावा सुरू. सरकारच्या सलोखा योजनेचंही तसंच, एकमेकांच्या जमिनी बारा वर्षं कसत असलेल्या शेतकऱ्यांना अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक हजार आणि नोंदणी फी हजार, इतकी सोय असताना नव्या वकिलांना तिचं नाव माहीत नसतं.

विद्यापीठांना एवढंच सांगणं आहे की या पेपरचे निम्मे तरी मार्क समोरासमोर बसवून द्या, परीक्षक बाहेरचा मीडिएटर बोलवा, आणि जर्नल बंद करा. तालुक्याच्या बारमधले सीनियर शनिवारी बोलावले तर येतील, फुकट येतील, फक्त त्यांना सत्कार आणि भाषण नको, समोर भांडायला तयार असलेली पोरं द्या.

कळावे,
एक वकील, कऱ्हाड