माउस माझ्या हातात राहू देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

विजेच्या परिपथाचा धडा या वर्षी माझ्या मुलांना खरोखर कळला. हे फोनवर सांगायला गेले तर गळा दाटून आला, म्हणून लिहिते आहे. आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण असं माणूस आपल्या बडोद्यात आहे हे इतर मराठी शिक्षकांनाही कळायला हवं.

तुमच्या आधीही आम्हाला ‘तंत्रज्ञान’ शिकवायला मंडळी येऊन गेली. प्रोजेक्टर लावायचा, भराभर स्लाइड पुढे ढकलायच्या, हजेरीवर सह्या घ्यायच्या, फोटो काढायचा आणि निघायचं. कुणी काही विचारलं की ‘सोपं आहे मॅडम, द्या इकडे’ म्हणत हातातला माउस काढून घ्यायचा. आयुष्यभर खडू धरलेल्या बायकांना घटकाभरात मठ्ठ ठरवून जाणं, याला प्रशिक्षण कसं म्हणायचं? आमच्यातल्या कितीजणींनी त्यानंतर संगणकाच्या खोलीकडे पाऊलच टाकलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात आणि यंत्राचं नावच काढलं नाहीत. ‘मुलं कुठल्या धड्याला अडतात?’ एवढंच विचारलंत. मी म्हटलं, बल्बमध्ये वीजप्रवाह खर्च होतो आणि पुढच्या तारेत कमी उरतो, हे त्यांच्या डोक्यातून काही केल्या जात नाही. मग तुम्ही कोलोराडो विद्यापीठाचं ‘फेट’ दाखवलंत, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग. नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं, फुकट, आणि मराठीतसुद्धा! शाळेतल्या नेटचा भरवसा नाही म्हणून सगळं पेन ड्राइव्हवर घालून आणलंत. वर बजावलंत, आधी मुलांच्या हातात खरा सेल, खरी तार, खरा बल्ब द्या, पडदा नंतर. तारेच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही, पडदा तेवढ्यापुरता.

पण ताई, मला सांगायचं आहे ते वेगळंच. वर्गात पडद्यावरची तार बॅटरीला जुळता जुळेना. मुलं चुळबुळायला लागली. मी मागे पाहिलं. तुम्ही शेवटच्या बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होतात. उठावंसं वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. उठला नाहीत. नुसती मान हलवलीत, म्हणजे घ्या सावकाश. माझ्या मुलांसमोर मला बाईच राहू दिलंत. त्याची किंमत मला ठाऊक आहे.

तार जुळली, बल्ब लागला, इलेक्ट्रॉन दाखवणारे निळे ठिपके सगळ्या तारेत एकदम सरकू लागले. मापक लावण्याआधी मी प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला लावला. बल्बच्या अलीकडे जेवढा प्रवाह, तेवढाच पलीकडे! वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. एकजण उभा राहून म्हणाला, ‘बाई, मग बल्बला मिळतं तरी काय?’ ऊर्जेवर बोलायला याहून चांगला प्रश्न मला आजवर कुठल्या मुलाने विचारलेला नाही.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण हुकमाने शाळा उघडतात. शिकवणाऱ्याचा मान राखणारी माणसं हुकमाने मिळत नाहीत. तुम्ही सुट्टीच्या दिवशी, अकोट्याचा पूल ओलांडून, पेट्रोलसुद्धा स्वतःचं घालून येत राहिलात. चहाचा कपही आधी शिपाईमामांना द्यायचात. शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात ताई, अशी सभ्य माणसं फार थोडी.

आता भिंगांचा धडा येतो आहे. वस्तू नाभीच्या आत आणली की प्रतिमा पडद्यावर का मिळत नाही, तिथे मुलं हमखास अडतात. शनिवारी सकाळची शाळा असते. जमलं तर या, मागचा बाक तुमच्यासाठी रिकामा ठेवते.

तुमची,
विज्ञानाच्या बाई