सिनेमाआधी चिठ्ठी लिहून देणाऱ्या काकांना

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असूं दी गो बाय" म्हणता आणि विषय पावसावर नेता. म्हणून हे चार लोकांसमोर लिहिते आहे. नाव घालत नाही. फोंड्यात ज्यांनी तुमच्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेटी नेल्या, ते ओळखायचे ते ओळखतील.

माझ्या झोपेच्या गोळीचं प्रकरण वाड्यावर सगळ्यांना अर्धंमुर्धं माहीत आहे, तेव्हा ते एकदाचं पुरतंच सांगून टाकते. बाबा गेल्यावर माझी झोप उडाली. एका डॉक्टरांनी क्लोनाझेपाम लिहून दिली, थोड्या दिवसांपुरती म्हणून. पुढे तेच प्रिस्क्रिप्शन वर्षानुवर्षं चालू राहिलं आणि थांबवायचं कधी, हे कुणी काढलंच नाही. बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा नीट समजावलं. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं, ही गोळी त्याचा जोर वाढवते. मेंदू त्या वाढीव जोराला सरावतो, आणि गोळी कमी केली की सगळंच अंगावर येतं: आवाज, उजेड, छातीतली धडधड, मानेपासून पिंढरीपर्यंतची ओढ. एकदम बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून थोडी कमी करायची, काही आठवडे थांबायचं, अंग स्थिरावलं की पुन्हा थोडी. अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी ती केवढी, आणि तिचा पाव करायचा! "एका झोपेच्या गोळीचं एवढं काय?" असं विचारणाऱ्यांना मी पुढे पुढे उत्तर देणंच सोडलं.

दिवस कामात निघून जायचा. संध्याकाळ काही केल्या सरायची नाही. सातला सासूबाईंच्या मालिका सुरू व्हायच्या. (सासूबाई, राग नको.) सुनेनं नुसतं "नाही" म्हटलं तरी तीनदा ढॅण् ढॅण् ढॅण्, घरातल्या प्रत्येकाचा चेहरा एकेकदा मोठा, आणि मग त्याहून मोठ्या आवाजात जाहिरात. एरवी मीही त्या बघतच होते की. पण त्या दिवसांत प्रत्येक ढॅण् माझ्या दातांत वाजायचा.

तुम्ही आला होतात सेट-टॉप बॉक्स बघायला. मी स्वयंपाकघरात कानांत बोटं घालून उभी होते, ते तुम्ही पाहिलंत. दुसरा कुणी असता तर काय झालं, कधीपासून, कुठला डॉक्टर, सगळं खोदून विचारलं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "कितें जालां तें सांगूं नाका. कितें सोंसना तें सांग."

मी सांगितलं. अचानक येणारा आवाज सोसत नाही. ओरडणं सोसत नाही. पुढे काय होणार ह्याचा ताण सोसत नाही, मग तो कितीही खोटा असो. दवाखाना नको, मरण नको. तुम्ही मान डोलावलीत आणि गेलात. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह आला, आणि त्याला रबरबँडने गुंडाळलेल्या चिठ्ठ्या.

पेनड्राइव्ह का, तर मध्ये जाहिरात येत नाही. तुम्ही आमच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून उजेड उतरवलात, रंग पिवळसर केलात, आवाज आपोआप एका पातळीवर ठेवणारं बटण शोधून काढलंत. ते बटण आमच्या टीव्हीत आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. सासूबाईंना त्यांच्या मालिकांसाठी वायरलेस हेडफोन आणून दिलात, आणि वर "तुमका आतां डायलॉग बरे आयकूं येतले" असं सांगून त्यांना खूषही केलंत. त्या अजून तो कानांवरून काढत नाहीत. घरात शांतता आहे ती त्यामुळे, हे त्यांना सांगू नका.

पण खरी गोष्ट त्या चिठ्ठ्यांची. जत्रेच्या नाटकाला तुम्ही वर्षानुवर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय, पुढचं वाक्य आधी ठाऊक असायची तुम्हाला सवय. प्रत्येक सिनेमा तुम्ही आधी स्वतः, माझे कान लावून, बघितलात आणि मग लिहिलंत. 'माय नेबर टोटोरो'ची चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे: "१९८८ची जपानी कार्टून. दोन बहिणी. आई दवाखान्यात आहे, पण मरत नाही. धाकटी हरवते, सापडते. दुष्ट माणूस एकही नाही. पावसात बसस्टॉपवर तो मोठा प्राणी एकदा जोरात ओरडतो. त्याच्या आधी छत्रीवर थेंब पडतात, तेव्हाच आवाज कमी कर."

आई दवाखान्यात म्हटल्यावर मी तो सिनेमा कधीच लावला नसता. "पण मरत नाही" वाचून लावला. छत्रीवर थेंब पडायला लागले तसा रिमोट हातात घेतला, आवाज खाली आणला, आणि तो केसाळ प्राणी आ वासून ओरडला तेव्हा मी हसले. बाहेर आमच्या पत्र्यावर पाऊस, आत त्यांच्या छत्रीवर. खालची अक्षरं वाचायचे कष्टही मी घेतले नाहीत, आणि काही अडलं नाही.

'मालगुडी डेज'वर तर मी महिनेच्या महिने काढले. शंकर नाग यांनी १९८६ साली दूरदर्शनसाठी केलेली ती मालिका मी लहानपणी बघितली होती, तेव्हा नुसता स्वामी लक्षात राहिला होता. आता बघताना आगुंबेची घरं दिसली, ओटे, कौलं, ओली झाडं. आपल्याच तालुक्यातली म्हणून खपून जातील. एक भाग वीस-बावीस मिनिटांचा, त्यापलीकडे माझं लक्ष टिकतही नव्हतं. त्यातही तुम्ही निवड केलीत. "देवळातल्या म्हाताऱ्याचा भाग भुताचा आहे, लावू नको. स्वामीच्या शाळेत मास्तर छडी घेतो, ते तुला चालेल का बघ." एल. वैद्यनाथन यांची शीर्षकधून सुरू झाली आणि आर. के. लक्ष्मण यांची चित्रं सरकायला लागली की माझे खांदे आपोआप खाली यायचे. तेच भाग पुन्हा पुन्हा लावते म्हणून घरच्यांनी चेष्टा केली, तेव्हा तुम्ही माझी बाजू घेतलीत.

सिनेमा हलकाफुलका हवा म्हटलं की लोक विनोदी सुचवतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण आपले विनोदी सिनेमे म्हणजे अर्धा वेळ पळापळ आणि अर्धा वेळ बोंबाबोंब. हे तुम्हाला न सांगता कळलं. 'गोलमाल'च्या चिठ्ठीवर होतं, "उत्पल दत्त ओरडणार. त्याचं हसू येत असेल त्या दिवशीच." 'बावर्ची' तुम्ही मागे ठेवलात, कारण त्या घरात सगळी भांडतात. 'आनंद' तर दिलाच नाहीत, आणि मी मागितल्यावर सरळ नाही म्हणालात. 'चितचोर'ला मात्र एकच ओळ होती: "इंजिनियर समजून ओव्हरसियरची बडदास्त ठेवतात, मग घोटाळा कळतो, सगळी माणसं चांगली आहेत, निवांत बघ." १९७६चा सिनेमा. बासू चटर्जींच्या त्या गावात कुणालाच घाई नाही. येसुदासचा आवाज मला सगळ्यात आधी सोसायला लागला. बाकीची गाणी फार नंतर.

आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. गोळी नुकतीच कमी केली होती, घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात फटाक्यांची माळ, आणि आरतीला घुमटं, म्हणजे मातीच्या घटाची ती वाद्यं, निघालेली. आमच्याकडच्या आरतीत तुमच्या घुमटाशिवाय रंग भरत नाही हे साऱ्या वाड्याला ठाऊक आहे. तुम्ही ते घुमट माझ्या दिराच्या हातात दिलंत आणि मला मागच्या दाराने तुमच्या घरी नेऊन बसवलंत. खिडक्या बंद केल्यात, 'शॉन द शीप' लावलंत. त्यात कुणी बोलतच नाही, सात-सात मिनिटांत एक गोष्ट संपते, मेंढ्या शेतकऱ्याला बनवतात, एवढंच. काकी नेवऱ्यांची बशी ठेवून गेल्या. तुम्ही खुर्चीत बसून मेंढ्यांकडे बघत होतात, आणि तुमची बोटं मात्र गुडघ्यावर पलीकडच्या आरतीचा ठेका धरत होती. ते मी पाहिलं. तेव्हा काही बोलले नाही, आता बोलते.

सिनेमाने गोळी सुटली असं कुणी समजू नये. ती सुटली डॉक्टरीणबाईंच्या वेळापत्रकाने. मध्ये दोनदा त्यांनी थांबायला लावलं, तेव्हा थांबले. पण दोन कपातींच्या मधल्या त्या सगळ्या संध्याकाळी कुठेतरी बसून काढायच्या होत्या. तुम्ही मला औषधाबद्दल एक शब्द विचारला नाहीत, अमक्याच्या काढ्याचं नाव सांगितलं नाहीत, योगासनं कर म्हणाला नाहीत. "आज कितली?" म्हणून गोळीचा हिशेबही कधी मागितला नाहीत. फक्त बुधवारी कुंपणावरून विचारायचा, "तें कार्टून पळयलें?"

आता काम सांगते. बोरीला माझी एक मैत्रीण आहे, तिचीही गोळी आता कमी करत आणताहेत. तिला आवाजाचं काही वाटत नाही, पण उजेड आणि भराभर बदलणारी दृश्यं सोसत नाहीत, आणि रडणारं मूल अजिबात नको. म्हणजे माझ्या चिठ्ठ्या तिच्या उपयोगाच्या नाहीत. टोटोरोतली धाकटी भोकाड पसरते. पेनड्राइव्ह माझ्याकडेच आहे. रविवारी तिला घेऊन येऊ का? काकींना सांगा, जेवणाचं करू नका, आम्ही चहालाच येतो.

आपली,
पलीकडच्या घरातली सून