परदेशातल्या डॉक्टरकीचं आधी नीट विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

नीटचा निकाल लागला की दरवर्षी तुमच्या पेपरात ‘परदेशात एमबीबीएस, बजेटमध्ये’ अशा जाहिराती सुरू होतात आणि सांगलीत कुठल्या तरी हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारी सेमिनार असतं, चहा-बिस्किटं, फाईल, पेन सगळं फुकट. माझं मिरजेत औषधाचं दुकान आहे, आजूबाजूला सगळे दवाखानेच, त्यामुळं हा विषय दुकानात रोज निघतो. यंदा मेव्हण्यानं आग्रह केला म्हणून त्या सेमिनारला मी पण जाऊन बसलो, त्याच्या पोराला नीटला मार्क बरे आहेत पण सरकारी कॉलेज लागण्याइतके नाहीत, आणि डीम्ड म्हणजे खाजगी विद्यापीठांची वर्षाची वीस-पंचवीस लाख फी ऐकूनच माणूस गार पडतो.

हॉलमध्ये तासगाव, विटा, जत, पलूसकडची माणसं होती, बरेचसे द्राक्षवाले नाहीतर ऊसवाले. प्रश्न काय विचारले तर मेस इंडियन आहे का, थंडी किती असते, मुलींचं हॉस्टेल वेगळं आहे का, पैसे हप्त्यानं चालतील का. चुकीचं काहीच नाही हो त्यात, लेकरू लांब जाणार म्हटल्यावर आईबाप हेच विचारणार. पण ही डिग्री घेऊन पोरगं नक्की कुठं डॉक्टर म्हणून बसू शकतं हे कुणी विचारलं नाही, शेवटी मी विचारलं तर स्टेजवरचे साहेब म्हणाले, ‘डब्ल्यूएचओ अप्रूव्ड कॉलेज आहे काका, जगात कुठंही चालतंय!’ आणि टाळ्या.

आता हे सरळ खोटं आहे. डब्ल्यूएचओ कुठल्याच मेडिकल कॉलेजला मान्यता देत नाही, ते त्यांचं काम पण नाही. जगातल्या मेडिकल कॉलेजांच्या वर्ल्ड डिरेक्टरीत कॉलेजचं नाव असतं, पण ती यादी आहे, मान्यता नव्हे. आणि जगात कुठंही चालणारी डॉक्टरची डिग्री अजून निघालेली नाही. आपल्या एमएच दहाच्या गाडीला दुसऱ्या राज्यात कायमचं ठेवायचं तर तिथलं पासिंग करून घ्यावं लागतं ना, तसंच आहे हे, गाडी कितीही भारी असली तरी.

मी दुकानदार माणूस, चिठ्ठी हातात आली की आधी शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर बघतो. नावापुढं डिग्र्यांची किती का रांग असेना, तो नंबर नसेल तर त्या चिठ्ठीवर मला औषध देता येत नाही. आणि नंबर कॉलेज देत नाही, ज्या त्या देशाची मेडिकल कौन्सिल देते.

आपली एमबीबीएस सुद्धा बाहेर तशीच्या तशी चालत नाही हे लोकांना माहीतच नसतं. १९७५ पर्यंत इथली डिग्री विलायतेत चालायची, मग ते बंद झालं, आता प्लॅब नावाची परीक्षा दोन टप्प्यात द्यावी लागते आणि दुसऱ्या टप्प्यासाठी मँचेस्टरला जावं लागतं. अमेरिकेत यूएसएमएलई या लायसन्सच्या परीक्षेच्या स्टेप, मग बाहेरून शिकून आलेल्यांना लागणारं ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट, मग रेसिडेन्सी म्हणजे हॉस्पिटलातलं ट्रेनिंग मिळालं तर पुढचं, आणि तिथं लायसन्स राज्याराज्याचं वेगळं. जर्मनीत डॉक्टरकीत लागणाऱ्या जर्मन भाषेची परीक्षा आधी. युरोपियन युनियनच्या देशांनी आपापसात एकमेकांच्या डिग्र्या मानायचं ठरवलंय पण ते त्यांच्या नागरिकांसाठी, आणि जॉर्जियाची जाहिरात ‘युरोपियन डिग्री’ म्हणून करतात त्यांना विचारा, जॉर्जिया युरोपियन युनियनमध्ये आहे कधी?

पूर्वी असं नव्हतं. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये बायकांच्या वॉर्डसाठी नेमलं, कुणी पेपर सोडवायला नाही बसवलं त्यांना. आमच्या मिरजेचे वानलेस साहेब तर जन्मानं कॅनडाचे, शिकले अमेरिकेत आणि १८९४ मध्ये इथं दवाखाना उभा केला. तेव्हा कौन्सिलही नव्हती आणि डॉक्टरही मोजकेच, जो येईल तो देवमाणूस. आता ते दिवस गेले, आणि परीक्षा घेतात ते बरोबरच आहे, माझ्या आईला कोण तपासणार हे मलाही बघायचं असतंच की.

तर आपल्याकडचा नियम असा. २००२ पासून एफएमजीई आहे, म्हणजे बाहेर शिकून आलेल्यांना इथला नंबर मिळवायला द्यावी लागणारी परीक्षा, वर्षातून दोनदा होते, ३०० प्रश्न, पास व्हायला १५० पाहिजेत, निगेटिव्ह मार्किंग नाही. तरी कित्येक वेळा निकाल वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाच पोरं बसली तर एखादं निघतं, बाकीची पुण्यात नाहीतर दिल्लीत क्लास लावून खोली घेऊन बसतात, परत पैसे. पोरं ढ असतात असं नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाची मुलगी किर्गिझस्तानात शिकली, पास झाली, इंटर्नशिप पण केली. ती सांगत होती, तिकडं वॉर्डातले पेशंट रशियन बोलायचे, आम्ही सातआठ जणी कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहायचो, हात लावायला क्वचित मिळायचा. साप चावलेला पेशंट तिनं आयुष्यात पहिल्यांदा इथं कॅज्युअल्टीला बघितला, घोणस होती, उसात पाणी पाजताना चावलेली. तिकडं बर्फात कुठली घोणस! आणि परीक्षेत इथलं लसीकरणाचं वेळापत्रक, टीबीचा सरकारी कार्यक्रम हे सगळं विचारतात, ते तिकडच्या पुस्तकात कशाला असेल.

नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम अजून कडक झाले. त्यानंतर ॲडमिशन घेतलेल्यांना कोर्स किमान ५४ महिन्यांचा पाहिजे, वर १२ महिने इंटर्नशिप त्याच कॉलेजात, शिकवणं इंग्लिशमधून, सगळं एकाच कॉलेजात, मग इथं येऊन परत १२ महिने इंटर्नशिप, आणि हे सगळं दहा वर्षांच्या आत. अर्धं इंग्लिश अर्धं रशियन असले कोर्स यात बसत नाहीत. पण सगळ्यात महत्त्वाची अट जी सेमिनारात कुणी उच्चारत नाही ती ही, की ज्या देशाची डिग्री त्या देशात तिथल्या नागरिकांसारखं प्रॅक्टिसचं लायसन्स मिळण्याची पात्रता तुमच्या पोराला आली पाहिजे. म्हणजे ज्या कोर्सवर त्यांचाच देश लायसन्स देत नाही, फक्त परदेशी पोरांसाठी काढलेला कोर्स आहे, तो इथं पण कचरा. हा प्रश्न मी सेमिनारात विचारल्यावर माईक दुसरीकडं गेला.

युक्रेनचं आपण बघितलंच. २०२२ मध्ये पोरं बंकरमधून घरी आली तेव्हा सगळे स्टेशनवर हार घेऊन, पण इथल्या कॉलेजात त्यांना जागा मिळाली नाही, कुणी दुसऱ्या देशात गेलं, कुणी ऑनलाईन केलं आणि ऑनलाईनवाल्यांच्या मानगुटीवर वॉर्डातलं जादा क्लिनिकल शिक्षण नाहीतर जादा इंटर्नशिप बसली. पालक तेव्हा नियम वाचायला लागले, वरातीमागून घोडं.

माझं म्हणणं पोरांना पाठवू नका असं अजिबात नाही. इथं सीटा कमी, फी डोक्यावरून, मग लोक जाणारच, आणि चांगले डॉक्टर होऊन आलेलेही मी ओळखतो. त्यांना ‘रशियावाला’ म्हणून नाकं मुरडणारे आपले काही सीनियर डॉक्टर आहेत त्यांना पण सांगणं आहे, तुमच्यासारखाच नंबर त्यांना कौन्सिलनं दिलाय, परीक्षा घेऊन दिलाय.

पण साहेब, तुम्ही जाहिरात छापता तर शेजारी एक चौकट तरी छापा: त्या देशात लायसन्स मिळतं का, कोर्स ५४ महिन्यांचा आहे का, शेवटपर्यंत इंग्लिश आहे का, इंटर्नशिप तिथंच आहे का, आणि त्या कॉलेजची किती पोरं एफएमजीई पास झाली. आणि पालकांनी ही पाच उत्तरं एजंटकडून लेटरहेडवर लेखी मागावीत, सही-शिक्क्यासकट. देत नसेल तर इसाराचे पैसे देऊ नयेत, सातबारा बँकेत ठेवायची घाई तर नकोच. माझ्या मेव्हण्यानं लेखी मागितलं तेव्हापासून त्या ऑफिसचा फोन आलेला नाही.

आपला,
एक औषध दुकानदार, मिरज (जि. सांगली)