झडपेबरोबर ठोक्यांचंही

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "छाती उघडायचीच तर झडपेपुरती उघडा, हृदय गोठवण्याचं हे काय नवीन काढलंय?" आई शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा बोलले नाही. पण आईच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या संमतीच्या कागदावर झडप बदलणं आणि ठोके सुधारायला गोठवणं, अशा दोन्ही कामांसाठी सही करा, असं मला मनापासून वाटतं.

आईची झडप लहानपणी सांधे सुजून आलेल्या त्या तापाने अरुंद झाली. रक्त मागे तुंबून वरचा डावा कप्पा वर्षानुवर्षं ताणला गेला आणि आता तो नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. रामबागेच्या घराचा जिना चढताना तिला मध्येच बसावं लागतं, ते झडपेमुळे आणि ह्या थरथरीमुळेही. शिवाय थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात. मला खरी भीती त्याची आहे. नुसती झडप बदलली तर ठोके आपोआप सुधारतीलच असं नाही.

ही शस्त्रक्रिया अगदी नवी नाही, बाबा. डॉ. जेम्स कॉक्स यांनी अमेरिकेत १९८७ मध्ये पहिली 'मेझ' केली, म्हणजे ठोके सुधारायची हीच शस्त्रक्रिया. तेव्हा कप्पा कापून पुन्हा शिवत. आता बऱ्याच ठिकाणी कापण्याऐवजी थंडगार सळई टेकवतात. नायट्रस ऑक्साइडवर चालणारी सळई उणे ६० अंशांच्या आसपास जाते, एकेका जागी मिनिट-दोन मिनिटं धरतात. तेवढ्या रेषेतल्या पेशी मरतात, व्रण होतो, आणि व्रणातून वीज जात नाही. शेतात बांध घालून पाणी एकाच पाटाने नेतात ना, तसा ठोक्याचा संदेश ठरलेल्या वाटेने खाली जातो. अख्खं हृदय कोणी गोठवत नाही.

जोखीम आहेच. हृदय-फुप्फुसांचं काम तेवढा वेळ करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवरचा वेळ वाढतो, काहींना नंतर पेसमेकर लागतो. पहिले तीन महिने ठोके पुन्हा बिघडू शकतात, तेवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असं समजायचं नाही. आणि आई, रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करायची नाही. धातूची झडप बसली तर ती गोळी जन्मभर, आणि रक्त किती पातळ आहे हे सांगणारी पीटी-आयएनआर तपासणी करत. पालक-मेथी सोडू नकोस, फक्त रोजचं प्रमाण सारखं ठेव. खजराण्याच्या गणपतीला नवस जरूर बोल, पण गोळीही घे.

बाबा, सोमवारी सर्जनना एवढं विचारा: गोठवणं डाव्याच कप्प्यात की दोन्हींत? गुठळ्या जिथे होतात तो डाव्या कप्प्याचा कोपरा बंद करणार का? झडप धातूची की जैविक? आणि असं गोठवण्याचं काम ते स्वतः नेहमी करतात का? उत्तरं वहीत लिहून ठेवा. मी रविवारी रात्री पोचते, सोमवारी तुमच्याबरोबर असेन.

तुमची,
ताई