गोष्ट डिलीट करू नकोस

प्रिय बाळा,

गोष्ट डिलीट करू नकोस. यूथ ग्रुपमधल्या त्या दादाने सांगितलं की भुताची गोष्ट लिहिणं म्हणजे सैतानाला घरात घेणं, आणि हॉरर, फँटसी, ते परग्रहावरचं वगैरे सगळंच ख्रिस्ती माणसाने लांब ठेवावं, हे तू फोनवर सांगत होतीस तेव्हा मी गप्प राहिले कारण मला नीट विचार करून उत्तर द्यायचं होतं. आता देते. लांबेल जरा, चहा घेऊन बस.

आधी त्या दादाची बाजू. तो उगाच बोलत नाहीये गं. आपल्या मंडळीतल्या कितीतरी घरांत आजी-पणजीच्या काळात देवऋषी यायचा, करणी, भानामती, अंगात येणं, लिंबू उतरवणं हे रोजचं होतं, आणि त्या भीतीतून सुटका मिळाली म्हणून ती माणसं प्रभूकडे आली. ज्याच्या घराने ते सोसलंय त्याला भूत हा करमणुकीचा विषय वाटत नाही, त्याच्यावर चिडू नकोस. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात स्पष्ट आहे की चेटूक करणारा, मंत्र घालणारा, मेलेल्यांना विचारणारा तुमच्यात नसावा. त्यात मला काडीची सूट नकोय. हॉस्टेलवर कोणी गंमत म्हणून प्लँचेट मांडलं तर तू सरळ उठून बाहेर यायचं.

पण करणं वेगळं आणि त्याबद्दल सांगणं वेगळं. बायबल स्वतःच सांगतं की. १ शमुवेल २८ काढ. शौल राजा वेष बदलून रात्री एन-दोरच्या, मेलेल्यांना बोलावणाऱ्या बाईकडे जातो, ज्या लोकांना त्याने स्वतःच देशातून हाकललं होतं त्यांच्यापैकीच एकीकडे, आणि झगा पांघरलेला म्हातारा, म्हणजे मेलेला शमुवेल, जमिनीतून वर येतो, आणि उद्या तू आणि तुझी मुलं माझ्याबरोबर असाल असं सांगतो. राजा दिवसभर उपाशी, तो तिथेच आडवा होतो, आणि मग तीच बाई घरचं वासरू कापून, भाकरी करून त्याला जेवायला घालते. ते जेवण वाचलं की अंगावर काटा येतो माझ्या. यहेज्केलाचं सुक्या हाडांनी भरलेलं खोरं आहे, प्रकटीकरणातला सात डोक्यांचा अजगर आहे, आणि शास्ते १९ तर संडे स्कूलमध्ये कोणी मुलांपुढे वाचत नाही इतकं भयंकर आहे, पण ते पवित्र शास्त्रातच आहे ना, कोणी फाडून काढलेलं नाही.

आणि आपल्या आजोबांच्या कपाटातलं यात्रिक क्रमण आठव. जॉन बन्यनने ते ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ म्हणून इंग्रजीत १६७८ मध्ये छापलं, हरी केशवजींनी १८४१ मध्ये मराठीत आणलं, आणि तेव्हापासून मराठी ख्रिस्ती घरांत ते भक्तीचं पुस्तक म्हणून वाचलं गेलंय. त्यात काय आहे? राक्षस आहे, त्याच्या किल्ल्यातली कोठडी आहे, अंगावर खवले असलेला अपोल्लुओन नावाचा सैतानी प्राणी वाट अडवून उभा राहतो आणि त्याच्याशी तलवारीने लढाई होते. ही फँटसीच आहे. ती कपाटात बायबलशेजारी चालते तर तुझी का नको, हे दादाला नम्रपणे विचार.

तो इफिसचं उदाहरण देत होता म्हणालीस, तिथल्या विश्वासणाऱ्यांनी पुस्तकं जाळली ते. प्रेषितांची कृत्ये १९. बरोबर आहे, जाळली, किंमत काढली तर पन्नास हजार चांदीची नाणी झाली. पण कोणाची पुस्तकं? जे स्वतः जादूटोणा करायचे त्यांनी आपापली मंत्रतंत्राची पुस्तकं आणून जाळली, दुसऱ्याच्या घरातून गोष्टीची पुस्तकं उचलून आणली नव्हती. आणि तेवढंच वाचून थांबू नये, त्याच्या आधीच्या ओळी वाच. स्किवा नावाच्या यहुदी याजकाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरून भूत काढायला जातात, आणि तो दुष्ट आत्मा म्हणतो की येशूला मी ओळखतो, पौल मला माहीत आहे, तुम्ही कोण? आणि मग ज्याच्यात तो आत्मा होता तो माणूस त्यांच्यावर झेप घालतो आणि ते उघडेनागडे, जखमी होऊन घरातून पळतात. हे बघून इफिसकर घाबरले आणि मग ती पुस्तकं जळाली. म्हणजे त्या अध्यायात आधी काय मोडलं गेलं तर प्रभूचं नाव मंत्र म्हणून वापरणं.

आता तुझ्या गोष्टीकडे येते, कारण मला खरं बोलायचंय ते हेच आहे. मिशन हॉस्पिटलमधली नर्स, नाइट ड्यूटी, मागची विहीर, उसातून येणारा तो आवाज, हे सगळं इतकं छान जमलंय की मी रात्री मागचं दार दोनदा बघून आले. पण शेवट? नर्स स्तोत्र २३ म्हणते आणि हडळ धूर होऊन जाते. बाळा, हेच ते स्किवाच्या मुलांचं काम. तिथे स्तोत्र नाही, मंत्र आहे, लिंबाच्या जागी बायबल ठेवलंय फक्त. दादाला बहुतेक हाच शेवट सगळ्यात जास्त आवडेल, आणि मला गोष्टीतला तोच भाग चुकीचा वाटतो.

मोठ्या लेखकांकडूनही हे झालंय. ब्रॅम स्टोकरच्या ड्रॅक्युलात, १८९७ चं पुस्तक, प्रोफेसर व्हॅन हेलसिंग पवित्र भाकर कुस्करून तिचा लगदा करतो आणि थडग्याच्या दाराच्या फटी त्याने लिंपतो, पिशाच्च आत जाऊ नये म्हणून. गोष्ट म्हणून जबरदस्त आहे, मी कॉलेजात एका रात्रीत वाचली, पण प्रभूच्या शरीराची भाकर खिडकीला लांबी भरावी तशी भरलीय त्यात. क्रूस दाखवला की पिशाच्च मागे सरकतं, मग तो दाखवणाऱ्याचं मन कसं का असेना.

आता टॉल्किनचं बघ. तू पिक्चर तीन-तीनदा बघितलेस म्हणून फार सांगत नाही, पण शेवट नीट आठव. लॉर्ड ऑफ द रिंग्ज १९५४-५५ ला आलं, आणि १९५३ मध्येच त्याने एका पाद्री मित्राला पत्रात लिहिलं होतं की हे पुस्तक मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, आधी नकळत तसं झालं आणि पुन्हा लिहिताना जाणूनबुजून. तरी त्यात देऊळ नाही, चर्च नाही, येशूचं नाव नाही. आणि ती वाईट अंगठी आगीत टाकायला निघालेला फ्रोडो शेवटी हरतो! इतका चालून, इतकं सोसून, आगीच्या कडेवर उभा राहून म्हणतो की अंगठी माझी आहे. अंगठी नष्ट होते ती गॉलममुळे, तो ती हिसकावतो आणि तिच्यासकट आगीत पडतो, आणि गॉलम जिवंत का असतो, तर आधी, फ्रोडोच्या अगोदर अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोला आणि नंतर फ्रोडोलाही त्याची दया आली म्हणून. टॉल्किनने पत्रांत हे समजावताना प्रभूच्या प्रार्थनेचाच आधार घेतलाय, आम्हांस परीक्षेत आणू नको तर वाइटापासून सोडव, आणि आम्ही जशी क्षमा करतो तशी आम्हांला क्षमा कर. माणसाच्या जोराने वाईट संपत नाही, कधी तरी केलेली दया अचानक कामाला येते, हीच कृपा ना? आणि अंगठी नष्ट होण्याची तारीख त्याने ठेवलीय २५ मार्च, गब्रीएल दूत मरीयेकडे आला त्या सणाची. कथेत त्याचा गाजावाजा नाही, ज्याला कळलं त्याला कळलं.

मला तुझ्याकडून असा शेवट हवाय. कसा ते तूच शोध, पण एक सांगते. आपल्याकडे हडळ कोण असते? बाळंतपणात गेलेली, पोटुशी मेलेली, छळ झालेली बाई. म्हणजे गावाने तिचं काहीतरी केलेलं असतं आणि ते दाबलेलं असतं. उत्पत्ती ४ मध्ये देव काइनाला म्हणतो की तुझ्या भावाचं रक्त जमिनीतून माझ्याकडे ओरडतंय. तुझ्या विहिरीतून तोच आवाज येतोय असं मला वाचताना सारखं वाटत होतं आणि तू तो आवाज हाकलून दिलास! नर्सने तो ऐकला पाहिजे. तिला विचारू दे की तुझं काय झालं, कोणी केलं, आणि मग गावातल्या जिवंत माणसांसमोर तिला उभं राहावं लागू दे, त्याची भीती भुतापेक्षा मोठी असेल.

हे मी आणखी एका कारणाने म्हणतेय. सातपुड्यात नंदुरबारकडे अजून बायकांना डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढतात, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आल्यावरही. जी गोष्ट वाचून कोणाला वाटेल की शेजारची म्हातारी खरंच काही करत असेल, ती गोष्ट पाप आहे असं मी म्हणेन, त्यात किती का वचनं घातलेली असेनात. तुझी तशी नाहीये, पण ती पांढऱ्या केसांची आजी पहिल्या भागात उगाच संशयास्पद केलीयेस, ती बघ.

एक्झॉर्सिस्टबद्दल विचारलं होतंस. त्याचा लेखक ब्लॅटी कॅथलिक होता, कादंबरी १९७१ ची. त्यात म्हातारा पाद्री एका मुलीतून दुष्ट आत्मा काढायचा विधी करता करता मरतो, आणि ज्याचा विश्वास डळमळलाय तो तरुण पाद्री शेवटी म्हणतो तिला सोड, मला घे. विधी मंत्रासारखा चालत नाही, कोणाला तरी स्वतःला द्यावं लागतं. पिक्चर बघच असं नाही म्हणणार मी, त्यातली काही दृश्यं मनातून जात नाहीत आणि तुला एकटीला झोपायचं असतं. नुसती चिरफाड बघायला लावणारे सिनेमे मात्र सोडच, त्यात दुखणाऱ्या माणसाबद्दल कोणाला काही वाटत नसतं. फिलिप्पै ४:८ दादाने पाठवलं होतं ना, जे काही शुद्ध त्याचं मनन करा? त्या यादीत पहिलं नाव सत्याचं आहे, आणि वाईट हे वाईट आहे असं दाखवणंही सत्यच.

सायन्स फिक्शन पुढे कधीतरी, पण वॉल्टर मिलरचं नाव लिहून ठेव. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानावर होता, १९४४ मध्ये इटलीतला माँटे कसिनोचा जुना मठ उडवला त्या हल्ल्यात तो होता, नंतर कॅथलिक झाला, आणि मग त्याने अणुयुद्धानंतरच्या जगात पुस्तकं जपणाऱ्या मठवासीयांची कादंबरी लिहिली. ए कँटिकल फॉर लीबोविट्झ. लायब्ररीत मिळाली तर आण, मलाही पुन्हा वाचायचीय.

दादाशी भांडू नकोस, त्याला नवीन शेवट लिहून झाल्यावर गोष्ट वाचायला दे, आणि त्या आधी मला पाठव. पीडीएफ पाठव, व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांत नको. आणि विहिरीत पाणी किती होतं ते पहिल्या भागात दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलंयस, तेही बघ.

तुझी आई