माझ्या छताला ऑडिट, तारापूरला मुदतवाढ

माननीय मंत्री महोदय, अणुऊर्जा विभाग,
स. न. वि. वि.

उजवा हात गळ्यात अडकवलाय, म्हणून डाव्या हाताच्या एका बोटाने मोबाइलवर टाइप करतेय. चुकभूल माफ असावी.

गेल्या मंगळवारी सकाळी डब्यासाठी कणीक मळत होते आणि स्वयंपाकघरातल्या छताचा परातीएवढा पोपडा खांद्यावर आला. हाड मोडलं. वर पाहिलं तर सळया गंजून त्यांचे पापुद्रे सुटलेले. मागच्याच दिवाळीत तिथे पांढरा रंग दिला होता, छान दिसत होता.

आमची वाशीतली इमारत तिशी ओलांडलेली, त्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं. तेही तीन महिन्यांपूर्वी झालं. साहेब आले, हातोडीने दोन पिलर ठोकले, चहा घेतला आणि 'राहण्यास योग्य' असा कागद देऊन गेले. कागद अजून नोटीस बोर्डावर आहे, लॅमिनेशन करून. छतापेक्षा लॅमिनेशन टिकलं.

तुम्ही म्हणाल, बाई, हे आमचं खातं नव्हे. पण हॉस्पिटलच्या खाटेवर तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन संचांचं आयुष्य वाढवण्याबद्दल वाचलं आणि तो कागदच डोळ्यांपुढे आला. हे संच ऑक्टोबर १९६९ चे. मीही १९६९ चीच. राज्य सरकारात लिपिक आहे. ५८ पूर्ण झाली की मला नारळ देणार, मुदतवाढ नाही. बरोबरच आहे म्हणा, माझ्या चुकीने फार तर एखादी फाइल हरवेल.

जपानमध्ये २०११ साली अपघात झालेल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राचा पहिला संच १९७१ चा. म्हणजे आमचे त्याहून थोरले, आणि कंपनी तीच, अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक. २१० मेगावॅटचे हे संच नळ्या गळायला लागल्यावर १६० वर आणले. २०२० पासून दुरुस्तीसाठी बंद ठेवले. पाइप बदलता येतात, केबलही बदलता येतात, मान्य. पण अणुभट्टीचं पोलादी पात्र? न्यूट्रॉनचा मारा खाऊन पोलाद वर्षागणिक ठिसूळ होतं, आणि ते पात्र काही कुकरच्या रिंगसारखं काढून नवं बसवता येत नाही. ते किती ठिसूळ झालंय हे कळावं म्हणून अशा भट्ट्यांत त्याच पोलादाचे नमुने ठेवतात आणि ठरावीक काळाने काढून तपासतात. तारापूरच्या तपासणीत काय निघालं, ते आम्हाला वाचायला मिळेल का? मराठीत, आकड्यांसकट? दर दहा वर्षांनी होणाऱ्या सुरक्षा आढाव्याचा अहवालही त्यासोबत जोडा. 'सर्व काही सुरक्षित आहे' असं एका ओळीचं पत्रक नको. ती ओळ आमच्या नोटीस बोर्डावर आहे.

आणि हे लांबचं प्रकरण नाही. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत तारापूर आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं. सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर. तुमचा आपत्कालीन आराखडा सोळा किलोमीटरवर थांबतो. वाऱ्याला कोणी कळवलंय का? त्यात २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के. लोक घराबाहेर तंबूत झोपले, लहान मुलांसह.

२०११ मध्ये स्वतंत्र अणुसुरक्षा प्राधिकरणाचं विधेयक लोकसभेत मांडलं होतं. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली, विधेयकही गेलं. मधल्या काळात, २०१२ मध्ये, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनेही अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वायत्ततेवरून कान टोचले होते. आपल्याकडे कान टोचले की सोन्याची बाळी घालतात, ऐकू कमीच येतं.

विजेला माझा विरोध नाही. हे पत्र लिहिताना पंखा चालू आहे. पोफरण, अक्करपट्टी गावांची माणसं तारापूरच्याच पुढच्या दोन संचांसाठी घरंदारं सोडून गेली, त्यांनीही दिवे लावायला नाही म्हटलं नव्हतं. राग आहे तो सहीचा. इमारतीची, पुलाची, लिफ्टची, शाळेच्या बसची सही होते आणि सही करणारा त्या छताखाली कधी झोपत नाही. दोन महिने पगाराविना रजा, सळ्या बसवायला सोसायटीची वर्गणी वेगळी, आणि साहेबांचा फोन 'संपर्क क्षेत्राबाहेर'. आमच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा पांढरा घुमट दिसतो, तिथले शास्त्रज्ञ हुशार आहेत याबद्दल दुमत नाही. मग अहवाल दाखवायला इतका संकोच का?

उत्तर पाठवणार असाल तर ईमेलवर पाठवा. लेटरबॉक्स ज्या भिंतीला आहे, तिला कालच टेकू लावलाय.

आपली,
वाशीची एक रहिवासी