कालनिर्णयात नसलेल्या तारखा

प्रिय पक्या,

आधी माफी मागतो, बाकीचं नंतर. ३० जानेवारीला सकाळी तुझा मेसेज आला 'आज काय?' आणि मी लोकलमध्ये एका पायावर उभा, आपलं 'हुतात्मा दिन' टाईप केलं आणि फोन खिशात टाकला. उत्तर चूक नव्हतंच म्हणा, अकराला भोंगा झाला, ऑफिसात आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो, शेजारच्याचा फोन नेमका तेव्हाच वाजला वगैरे. पण तू काय विचारत होतास ते मला रात्री साडेदहाला कळलं, भांडी लावताना, हातात कुकरची रिंग होती आणि एकदम, अरे च्यायला, बीटल्सची गच्ची! पळत जाऊन फोन बघितला तर तुझ्या दोन निळ्या टिका आणि पुढे चिडीचूप. आज बारा दिवस झाले तू बोलत नाहीयेस. चाळिशी उलटल्यावर माणूस असा रुसतो का रे?

तर आज ११ फेब्रुवारी आहे आणि ही तारीख मी विसरलेलो नाही, म्हणून आजच बसलोय लिहायला. मेसेजवर भागणार नव्हतं.

तुला आठवतं ना हे खूळ सुरू कुठून झालं? डोंबिवलीला तुमच्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या बाजूच्या खिळ्याला कालनिर्णय, त्यात काकूंचे दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, भिशी. आणि त्या सगळ्यात तू बॉलपेनने बारीक अक्षरात तुझ्या तारखा घुसडायचास. ३० जानेवारीच्या चौकोनात 'गच्ची' लिहिलेलं. काकूंना वाटलं गच्चीला डांबर मारायला माणूस येणार आहे, त्या बिचाऱ्या बाजारात जाताना किल्ली शेजारी ठेवून गेल्या, आणि संध्याकाळी 'तुमच्या सोसायटीचा माणूस काही आला नाही' म्हणून सेक्रेटरींना ऐकवून पण आल्या. आपण आतल्या खोलीत कॅसेट लावून हसत होतो. कॅसेट पण कसली, कॉपीची कॉपी, एका बाजूला बीटल्स आणि दुसरीकडे मधेच कुणाचं तरी भावगीत सुरू व्हायचं.

आता गच्चीबद्दल. मी यंदा विसरलो त्याचं प्रायश्चित्त म्हणून परवा सगळं परत बघितलं, पीटर जॅक्सनने २०२१ मध्ये 'गेट बॅक' माहितीपटात ते सगळं जुनं फुटेज साफ करून लावलंय त्यातलं. गुरुवार, ३० जानेवारी १९६९, लंडन, ३ सॅव्हिल रो, बीटल्सनी स्वतःच्याच ऑफिसच्या गच्चीवर कार्यक्रम केला तो दिवस. पण मी गाण्यांपेक्षा कपडेच बघत बसलो. जानेवारीतली थंडी आणि वारं, तर जॉन लेननच्या अंगात मैत्रीण योकोचा फरचा कोट, ड्रमवाल्या रिंगोच्या अंगात बायकोचा लाल रेनकोट. आणि माईकमध्ये वाऱ्याची घरघर यायला लागली म्हणून ॲलन पार्सन्सला (तेव्हा हा विशीतला पोरगा तिथे टेप ऑपरेटर, पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'चं रेकॉर्डिंग वगैरे सगळं नंतरचं) दुकानात पिटाळलं, बायकांचे लांब मोजे आणायला, आणि ते माईकवर चढवले. म्हणजे बघ, जगातला सगळ्यात मोठा बँड, निम्मा बँड बायकांच्या कोटात आणि माईक बायकांच्या मोज्यात. जॉनला शब्द आठवेनात म्हणून एक पोरगा समोर गुडघ्यावर बसलाय कागद धरून, आपल्याकडे गॅदरिंगला विंगेतून प्रॉम्प्टिंग करायचे तसं, फक्त हा उघड्यावर. हाताला कॉर्ड धरवत नाहीये असं जॉन मधेच म्हणतो पण. आणि त्यात 'वन आफ्टर ९०९', त्यांचं शाळकरी वयातलं गाणं, ते वाजवताना जॉन आणि पॉल एकमेकांकडे बघून असे हसतात की तीन आठवड्यांपूर्वी गिटारवाला जॉर्ज हॅरिसन बँड सोडून घरी निघून गेला होता हे सांगून पटायचं नाही.

मग पोलीस. ठाणं त्याच रस्त्यावर, चार पावलांवर. गच्चीवर येऊन उभे राहिले, त्यांचा मदतनीस मॅल इव्हान्सने घाबरून जॉर्जचा ॲम्प्लिफायर बंद केला आणि जॉर्जने तो परत चालू केला. तेवढं एक बटण मी चारदा मागे नेऊन बघितलं. एकूण बेचाळीस मिनिटं. शेवटी जॉन म्हणतो, बँडच्या वतीने आभार, ऑडिशनमध्ये पास झालो असू अशी आशा आहे.

आणि हो, तुझी ती दुरुस्ती पण आठवली. मी कॉलेजात छाती फुगवून सांगायचो की लंडनला दुपारी साडेबारा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा, आणि तू सगळ्यांसमोर मला गार केलंस की त्या वर्षी इंग्लंडने हिवाळ्यात घड्याळं मागे घेतलीच नव्हती, १९६८ ते १९७१ त्यांचा तो प्रयोग चालू होता, म्हणून पाच. दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नव्हतो. बारा नाही, दोन.

पण आज मुद्दा दुसरा आहे. आपला जुना वाद. तुझ्या यादीत निम्म्या पुण्यतिथ्या, ८ डिसेंबर १९८० (जॉन), २४ नोव्हेंबर १९९१ (क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी), २९ नोव्हेंबर २००१ (जॉर्ज), आणि त्या दिवशी तू दिवसभर तोंड पाडून बसायचास आणि तीच तीन गाणी. मला ते कधी झेपलं नाही. जयंती-पुण्यतिथ्या आपल्याकडे काय कमी आहेत का, हार, फोटो, उदबत्ती, साहेबांचं भाषण. जन्माला येणं आणि मरणं यात त्या माणसाचं स्वतःचं काय कर्तृत्व असतं? तारीख पाळायची तर माणूस कामावर होता त्या दिवसाची पाळावी. म्हणून माझी तारीख आजची.

सोमवार, ११ फेब्रुवारी १९६३. त्या वर्षी इंग्लंडात हाडं गोठवणारा हिवाळा होता, बीटल्सची ही चार पोरं गाड्या-बसमधून गावोगाव कार्यक्रम करत फिरत होती, दौऱ्यात मधे एक दिवस मोकळा सापडला तर त्यांचा रेकॉर्ड निर्माता जॉर्ज मार्टिनने त्यांना ॲबी रोडच्या स्टुडिओत बोलावलं. अल्बमला चौदा गाणी पाहिजेत, चार आधीच्या दोन सिंगल्सची तयार होती, राहिली दहा. ती दहा एका दिवसात! सकाळी दहाला सुरू आणि रात्री पावणेअकराच्या सुमाराला संपलं. स्टुडिओतले लोक दुपारी जेवायला गेले तर हे जेवायला गेलेच नाहीत, दूध पीत रिहर्सल करत बसले. जॉनला सडकून सर्दी. घशाच्या गोळ्या चघळतोय आणि गातोय. आणि मार्टिन किती पोचलेला माणूस बघ, त्याला माहीत होतं की 'ट्विस्ट अँड शाउट' गायल्यावर ह्याचा घसा संपणार, म्हणून ते गाणं सगळ्यात शेवटी ठेवलं. पहिला टेक घेतला. दुसरा घ्यायला गेले तर आवाजच उरला नव्हता. तो पहिला टेकच आपण सगळे आजवर ऐकतोय.

मला पण गेला आठवडाभर सर्दी आहे, म्हणून आज सकाळी डोंबिवली स्टेशनला हेडफोन लावून ते गाणं नीट ऐकलं. दोन मिनिटं पस्तीस-एक सेकंद. तो गात नाहीये रे, घसा खरवडतोय, भांड्याच्या तळाशी लागलेलं काढतात तसं. आठ-चौदाची फास्ट माझ्या डोळ्यासमोरून गेली, मी चढलोच नाही. बॉसला ट्रॅफिक सांगितलं. ट्रेनने येणाऱ्या माणसाला कसलं ट्रॅफिक हे त्याने विचारलं नाही हे नशीब.

१ ऑगस्टची गंमत तर तुझीच होती. शाळेत टिळक पुण्यतिथी, सकाळी सहा पोरांनी लागोपाठ तीच शेंगांची टरफलं सांगितली, आणि दुपारी तू मला 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' ऐकवलंस. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एका दिवसात दोन खेळ. रविशंकरांनी जॉर्ज हॅरिसनला गळ घातली आणि त्याने थोड्याच आठवड्यांत बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो, लिऑन रसेल सगळ्यांना गोळा केलं. सुरुवातीला सतार, अली अकबर खाँसाहेबांचा सरोद, अल्लारखाँचा तबला, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. सूर लावून झाले आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, त्यांना वाटलं वाजवून झालं, आणि पंडितजी म्हणाले की नुसतं जुळवणं एवढं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल. तुझ्या आजोबांना हे सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला होता.

मला मात्र आता अकाउंट्समध्ये वीस वर्षं घासल्यावर त्याच्या पुढची गोष्ट जास्त भिडते. तिकिटांचे साधारण २,४३,००० डॉलर युनिसेफकडे गेले, ठीक. पण अल्बम आणि सिनेमाचे लाखो डॉलर अमेरिकेच्या टॅक्सवाल्यांनी वर्षानुवर्षं अडकवून ठेवले, का, तर कार्यक्रमाच्या आधी धर्मादाय म्हणून रीतसर कागद केले नव्हते. एक फॉर्म रे! एवढे सगळे लोक जमवले आणि एक सीए नव्हता. १९८५ च्या १३ जुलैला 'लाइव्ह एड' हा दुष्काळग्रस्तांच्या मदतीचा कार्यक्रम झाला तेव्हा त्याचा आयोजक बॉब गेल्डॉफला जॉर्जने हाच सल्ला दिला होता म्हणे, की आधी हिशोबाचं बघ. त्या दिवशी क्वीनने वेम्बलीवर एकवीस मिनिटं वाजवलं ते तुला तोंडपाठ आहे, मी काय सांगू. मला फक्त अजून राग येतो की आपली सहल पाचगणीला गेली होती, आपण टेबल लँडवर घोड्यावर बसलो, स्ट्रॉबेरी खाल्ली, आणि फारुख बलसारा नावाचा मुलगा, म्हणजे क्वीनचा फ्रेडी मर्क्युरीच, ह्याच गावात सेंट पीटर्सला शिकला, इथेच 'हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो बडवायचा, हे एका मास्तराने पण सांगितलं नाही. त्यांना तरी कुठे माहीत असणार म्हणा.

आणखी एक तारीख माझ्यातर्फे तुझ्या यादीत घाल, २६ मार्च १९८०, बुधवार. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनला 'द पोलीस' वाजवून गेले. अख्ख्या जगात गाजणारा बँड आणि आपल्याकडे उघड्यावरचं ते मराठी नाटकांचं थिएटर. मी मधे त्या बाजूला कामाला गेलो होतो तर मुद्दाम वाकडी वाट करून गेलो, आता सायलेन्स झोन आहे, गेटला कुलूप, आत झाडांचा पाचोळा आणि गेटवर एक मांजर. त्या मांजराला मी फोनवर 'रॉक्सन' ऐकवलं, हळू आवाजात. उठून गेलं.

बरं, आता खरं कारण. रविवारी काकूंकडे गेलो होतो, रेशनकार्डाचं काम होतं. आता दुधाचे खाडे नाहीत, पिशवी ॲपवरून येते, पण कालनिर्णय त्याच खिळ्याला आहे. पान फेब्रुवारीचं होतं, मी सहज जानेवारी उलटून बघितला. ३० तारखेच्या चौकोनात काकूंच्या अक्षरात 'गच्ची - पक्याचा फोन' लिहिलेलं. म्हटलं हे काय, तर म्हणाल्या, त्या दिवशी तो दरवर्षी करतो आणि गच्चीचं काहीतरी बोलतो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही पण मी हो हो म्हणते, यंदा आला नाही फोन, बरा आहे ना रे तो?

माझ्यावर रुसलायस ते मला चालेल. त्यांना आज फोन कर. रात्री नऊनंतर नको, त्या झोपतात, तुझ्याकडे दुपार असतानाच कर. आणि त्यांना 'ट्विस्ट अँड शाउट'ची सर्दीची गोष्ट सांग, ती त्यांना कळेल, लगेच ओव्याची पुरचुंडी सुचवतील.

तुझा,
बाळ्या

ता. क. ८ ऑगस्टला बीटल्सच्या 'ॲबी रोड' अल्बमच्या कव्हरवरच्या त्या झेब्रा क्रॉसिंगवर जाऊन फोटो काढायचा बेत अजून आहे का? १९६९ साली फोटोग्राफर रस्त्याच्या मधोमध घडीच्या शिडीवर चढला होता, पोलिसाने गाड्या थांबवल्या आणि दहा मिनिटांत सहा फोटो उरकले. तुझ्यासाठी कोणी थांबणार नाही. आणि पॉलसारखं अनवाणी जायचं असेल तर चपला हातात धर, मागच्या वेळी शिर्डीला काय झालं ते आठव.